एका वायरीची गल्ली

दिवाळीत मुरुमच्या बाजारात आमची गल्ली कुणाला दाखवायला लागत न्हाय. जिथं अठरा दुकानांतनं एकाच टायमाला एकच गाणं वाजतंय, ती आमची. बाकी बाजारात एका दुकानात एक गाणं, शेजारी दुसरंच, अन् मधी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं पिकतंय. आमच्याकडं तसला कारभार न्हाय. सव्वीस वर्षं झाली, गल्लीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकच वायर हाय. दर दुकानात दाराच्या वरच्या अंगाला लाकडी डबा हाय, डब्यात स्पीकर. अन् सगळ्या डब्यांतला आवाज येतो महांतप्पाच्या रेडिओ दुकानातल्या एका मशीनमधनं.

मी नागम्मा. बांगड्या-कुंकवाचं दुकान माझं. आमचे मालक शेत बघत्यात, दुकान मी बघते, अन् दुकानात मालक कोण हे त्यांनाबी ठावं हाय. माझा आवाज मोठा हाय. लोक म्हणत्यात, नागम्माला माइक कशाला पायजे. म्हणू द्या. गिऱ्हाईक हाक ऐकून येतं, कुजबुज ऐकून न्हाय.

तर गल्लीचा कायदा असा. वसुबारसेला चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे. रोज अकरा वाजल्यापासनं एकेका दुकानाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्या दुकानाचं गाणं, अन् ते सगळ्यांनी ऐकायचं. कुणी आपला डबा बंद करायचा न्हाय. माझी कन्नड भजनं खाजाभाई गादीवाले ऐकत्यात, त्यांच्या कव्वाल्या मी ऐकते, अन् बलभीम शिंप्याची ती रडकी शिनिमाची गाणी आमी सगळेच सोसतो. सोसून सोसून आता मला ती पाठ झाल्यात, हे त्याला सांगू नका.

ही सगळी करणी महांतप्पाची. आखाडात ते गेले. आजार न्हाय, काय न्हाय, दुपारी जेवून पडले ते उठलेच न्हायत. मागं बायको, अन् एकुलती पोरगी शिवप्रिया. तेवीस वर्षांची. शाळेत व्हती तवापासनं बापाच्या शेजारी बसून हातात तारा चिकटवायचं झाळकाम. बाप गेल्याच्या चौदाव्या दिवशी तिनं दुकान उघडलं, कपाळाला ईभूत लावली अन् बापाच्या खुर्चीत बसली. आमी बघितलं. बोललं कुणी न्हाय, पण मनात सगळ्यांच्या एकच, किती दिवस टिकती बघू.

जागा महांतप्पाची अन् त्यांच्या धाकट्या भावाची, गौरीशंकरची, दोघांच्या नावावर. गौरीशंकर वाईट माणूस न्हाय. पण सरळ हिशोबाचा. त्याला एक मोबाईलची कव्हरं इकणारा भेटला व्हता, तो जागा भाड्यानं मागत व्हता. गौरीशंकरचं म्हणणं, रेडिओ आता कोण दुरुस्त करून घेतंय? पोरीनं घरी बसावं, भाडं येईल ते मायलेकींनी खावं, उद्या लग्नाचं बघता येईल.

दिवाळीच्या आधी आठ दिवस खाजाभाईंच्या दुकानात बैठक बसली. गाद्यांच्या गठ्ठ्यांवर आमी सगळे, अन् दारात उभी शिवप्रिया. समोरच्या साडी दुकानाचा सोमेश, तीस वर्षांचं पोरगं, पण अक्कल सगळ्यांना वाटायला निघालेलं, तो म्हणला, "वायर जुनी झाली. आता ज्याचा त्यानं ब्लूटूथ लावावा. पोरीच्या भरवशावर सण नासायचा का?"

आता खरं सांगते. त्या दिवशी मी शिवप्रियाच्या बाजूनं बोलले न्हाय. म्या म्हणलं, "गाणं लावणं म्हंजे बटण दाबणं, ते कुणालाबी येतंय. पण शिडीवर चढून वायर सांभाळणं पोरीचं काम न्हवं. महांतप्पाची गोष्ट येगळी व्हती." असं बोलले मी. बाईच्या जातीची असून, रोज शिडीवर चढून बांगड्यांचे डबे काढणारी असून बोलले.

खाजाभाई खाली मान घालून कापूस पिंजत बसले व्हते. ते म्हणले, "अरे देखिंगे ना एक बार. क्या बिगडता?"

मग गौरीशंकर उठला. "ठीक हाय," म्हणला. "समद्यांच्या समोर सांगतो. ही दिवाळी हिची. पण पाच दिवसांत हिच्या चुकीनं एकदा जरी गल्लीचा आवाज बंद पडला, तर पाडव्याला म्या कुलूप लावणार. कबूल?"

शिवप्रिया म्हणली, "कबूल, काका." एवढंच. पोरगी कमी बोलती. मला कमी बोलणाऱ्या माणसाचा लई राग येतो, आत काय शिजतंय कळत न्हाय.

दुसऱ्या दिवसापासनं ती शिडी घेऊन गल्लीत. अठरा डबे उतरवले, पुसले, जोड नव्यानं केले. माझ्या दुकानात आली तवा दाराच्या वर लाकडी पट्टी हाय, तिच्या मागनं वायर जाते, ती बघून म्हणली, "अव्वा, अप्पांचा नियम ठावं हाय न्हवं? पट्टीवर खिळा मारायचा न्हाय. तोरण आकड्यालाच."

"मला शिकवू नको," म्या म्हणलं. "तू रांगत व्हतीस तवापासनं मी इथं तोरण बांधते."

अन् ते खरंच हाय. सजावटीत माझा हात धरणारा गल्लीत कुणी न्हाय. सोमेश दरवर्षी चायना माळा आणतो, निळ्या, हिरव्या, चुकचुक चुकचुक करणाऱ्या. माझ्याकडं झेंडू, शेवंती, आंब्याची पानं, केळीचे दोन खुंट, अन् आमच्याच रानातली ज्वारीची कणसं. बाया दारात उभ्या राहून मोबाईलवर फोटू काढत्यात. मला वाटतं, हे दुकान न्हाय, लक्ष्मीचं माहेर हाय. गर्व म्हणा. हाय मला गर्व.

वसुबारस झाली, धनतेरस झाली, आवाज कसा, तर विहिरीच्या पाण्यासारखा स्वच्छ. माझ्या डब्यातनं गेल्या चार वर्षांत जी खरखर येत व्हती तीबी गेली. मी मनातल्या मनात म्हणलं, बरं करते पोरगी. तोंडानं म्हणलं न्हाय.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी येऊन बघते तर काय, सोमेशनं दारात कमान उभी केली. लोखंडी पाइपाची, वर सगळ्या माळा, मधोमध फिरणारं कमळ. गिऱ्हाईक माझ्या दाराकडं पाठ करून ते कमळ बघायला लागलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मालकांना फोन लावला, म्हणलं रानातले बारा ऊस तोडून पाठवा. दुपारी बारापर्यंत म्याबी कमान केली. उसाची, वर कणसांचे झुबके, अन् फुलांची अशी दाट माळ की आतला ऊस दिसू नये. काय रूप आलं व्हतं! फक्त वजन लई झालं. आकडा वाकायला लागला.

तवा म्या काय केलं? घरातनं आणलेला तीन इंची खिळा काढला अन् पट्टीच्या कडंला ठोकला. वायर मधनं जाते, आपण कडंला मारतोय, काय व्हतंय, असं म्हणून ठोकला. गाणं चालूच राहिलं. म्या म्हणलं, बघा, नियम कशाला पायजेत. वर फुलं सुकू नयेत म्हणून कमानीवर दोन तांबे पाणीबी शिंपडलं.

चार वाजले. बाजार असा भरलेला की मुंगीला वाट मिळंना. माझ्या दारात बाया हात पुढं करून बसलेल्या, बलभीमचा नंबर चालू, त्याचं ते रडकं गाणं ऐन रंगात, अन् एकदम गप. एका डब्यातनं न्हाय, अठराच्या अठरा. गल्ली अशी गप झाली की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज दचकवून गेला. त्या मागोमाग बाहेरच्या बाजारातला डीजे आत घुसला, धाड धाड.

सगळ्यात आधी कोण वरडलं असंल? मीच. दारात येऊन, कमरेवर हात ठेवून. "म्हणलं न्हवतं का म्या! म्हणलं न्हवतं का, पोरीचं काम न्हवं!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. सांगितलं न्हवं, मला माइक लागत न्हाय.

गौरीशंकर भावजयीला पूजेचं सामान द्यायला आलेला, तो तिथंच उभा राहिला. घड्याळ बघितलं.

शिवप्रिया दुकानातनं बाहेर आली. हातात पकड, खांद्यावर शिडी. सोमेश म्हणला, "पहिल्या दुकानापासनं एकेक बघत ये." महांतप्पा तसंच करायचे. वायर बिघडली की पहिल्या दुकानापासनं सुरू, अन् कधी कधी दिवस मावळायचा. ही पोरगी पहिल्या दुकानाकडं गेलीच न्हाय. सरळ गल्लीच्या मधोमध गेली, बलभीमच्या दारात शिडी लावली अन् वायर तोडली. बलभीम बोंबलला, "अगं, काय करतीस!" तिनं आतल्या आईला हाक दिली, "अव्वा, लाव!" आईनं बटण दाबलं, अन् वरच्या अंगाच्या नऊ दुकानांत गाणं सुरू. म्हंजे तिकडं सगळं नीट, बिघाड खालच्या नऊंत. मग तो तोड पुन्हा जोडून खालच्या नऊंच्या मधी गेली, तिथं तोडली. पुन्हा निम्मी दुकानं बोलायला लागली. असं निम्म्याचं निम्मं करत पोरगी चालली व्हती. मला आधी वाटलं येड्यासारखी उड्या मारतीय. मग कळलं. अठरा दुकानं असून ती पाचच ठिकाणी थांबली.

पाचवं ठिकाण माझं दार.

तिनं शिडी लावली, फुलांची माळ हातानं बाजूला केली, अन् तिथंच थांबली. मी खाली उभी. मला तो खिळा दिसला. पाण्यानं कमान जड झाली व्हती, तिच्या वजनानं खिळा खाली कलला व्हता, अन् वायरीतल्या दोन तारा त्यानं एकीला एक भिडवल्या व्हत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा. गावाला काय, अख्ख्या गल्लीला म्या शिव्या घातल्या व्हत्या, अन् खिळा माझ्या दारात.

मागं बाया, समोर सोमेश, शेजारी गौरीशंकर. सगळे वर बघतायत, पण फुलांच्या दाटीत खिळा फक्त तिला अन् मला दिसतोय.

शिवप्रियानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पकडीनं खिळा उपसला, मुठीत धरला, तारा जोडल्या, वर टेप गुंडाळली. कमानीचा भार सुतळीनं दोन आकड्यांवर वाटून बांधला. खाली उतरली तवा गौरीशंकरनं इचारलं, "काय झालं व्हतं?"

"जोड सैल राहिला व्हता, काका," ती म्हणली.

"कुणी केलेला जोड?"

"म्याच."

गौरीशंकरनं मान हलवली. "मग परवा पाडव्याला बघू," म्हणला अन् चालायला लागला. यंदा लक्ष्मीपूजन अन् पाडव्याच्या मधी एक दिवस मोकळा आला व्हता. अठरा डब्यांतनं गाणं पुन्हा सुरू झालं. घड्याळात पाच वाजायला वीस मिंटं व्हती.

मी तिचा दंड धरून तिला दुकानात आत ओढलं. दबक्या आवाजात, म्हंजे माझ्या मानानं दबक्या, म्हणलं, "येडी हाईस का तू? खिळा माझा. खोटं का बोललीस? तुझं दुकान जातंय, कळतंय का?"

ती म्हणली, "अव्वा, तुमच्या दारात गिऱ्हाईक बसलंय. आज लक्ष्मीपूजन हाय. अप्पा म्हणायचे, सणाच्या दिवशी कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याचा दोष काढायचा न्हाय. दुरुस्ती करायची अन् उतरायचं." तिनं मूठ उघडली, खिळा माझ्या गल्ल्याच्या लाकडावर ठेवला अन् गेली.

ती गेली. बायांच्या हातात बांगड्या भरत व्हते, पण माप चुकायला लागलं. एका बाईला तर अडीचचा जोड चढवायला निघाले, हात सव्वादोनचा. ती वरडली, "नागम्मव्वा, लक्ष कुठं हाय?"

लक्ष कुठं असणार! मला लाज वाटत व्हती, अन् लाजेपेक्षा जास्त भीती वाटत व्हती. खरं सांगितलं तर सोमेश आयुष्यभर हसणार. सजावटीत जिचा हात धरणारं कुणी न्हाय, तिनंच सजावटीच्या हौसेपायी गल्ली बंद पाडली. साठ वर्षांची बाई, अन् तोंड कुठं लपवू? गप बसले तर कुणाला कळणार न्हाय. पोरगी मेली तरी बोलायची न्हाय, हे मला पक्कं ठावं व्हतं. तेच तर टोचत व्हतं.

साडेपाचला माझा नंबर. म्या भाचीला गिऱ्हाइकापाशी बसवलं अन् महांतप्पाच्या दुकानात गेले. दरवर्षी माझ्या नंबरात मी दोन मिंटं माइक घेते, नव्या बांगड्यांची जाहिरात करते. शिवप्रियानं न इचारता माइक पुढं केला.

"बायांनो, बापयांनो," म्या म्हणलं, अन् अठरा दुकानांतनं माझा आवाज मलाच ऐकायला आला. "बांगड्या नंतर घ्या. आधी ऐका. मघाशी गल्ली बंद पडली ती शिवप्रियाच्या जोडामुळं न्हाय. महांतप्पांनी सांगितलं व्हतं, पट्टीवर खिळा मारू नका. ह्या पोरीनंबी आठ दिवसांखाली सांगितलं. तरी म्या मारला. तीन इंची. सोमेशच्या कमळापेक्षा माझी कमान भारी दिसावी म्हणून."

शिवप्रिया माइकवर हात ठेवायला पुढं आली. म्या तिचा हात बाजूला केला.

"म्या वरडले, पोरीचं काम न्हवं. सगळ्यांनी ऐकलं, आता हेबी ऐका. चूक माझ्या दारात सापडली, तरी ती माझ्या गिऱ्हाइकासमोर बोलली न्हाय. स्वतःवर घेतली. दुकान जाणार हे ठावं असून घेतली. अन् चूक शोधली किती येळात? चाळीस मिंटांत, पाच ठिकाणी थांबून. महांतप्पाला दिवस लागायचा. आज ते असते तर खुर्चीवरनं उठून हिला बसवलं असतं. गौरीशंकर, तू कुठं असशील तिथं ऐकत असशील. आमच्या गल्लीत डबा बंद करायचा कायदा न्हाय. बोल, चूक कुणाची? कुलूप लावायचंच असंल तर माझ्या दुकानाला लाव."

म्या माइक ठेवला. भजन लागलं. बाहेर आले तर सगळी गल्ली दारात. सोमेश हसत व्हता, हसायचाच. पण तो हसत हसत माझ्या कमानीपाशी गेला अन् तिला खालनं दोन पाइपांचा आधार लावायला लागला. त्याच्याच कमानीतले पाइप. कमळ त्यानं उतरवून आत ठेवलं व्हतं. खाजाभाई लांबूनच म्हणले, "नागम्मा, आज तुमको माइक लगा!" अन् सगळे हसले. मीबी हसले, डोळे पुसत पुसत.

गौरीशंकर मात्र कुठं दिसला न्हाय.

पाडव्याला दहाच्या आधीच गल्ली उघडली. एवढ्या सकाळी बलभीमबी हजर, जो बारा वाजल्याबिगर शटर वर करत न्हाय. कुणी काम करत न्हवतं. सगळे आपापल्या दारात, अन् सगळ्यांचे डोळे गल्लीच्या तोंडाकडं. शिवप्रिया खुर्चीत बसून एका बाईचा जुना टेपरेकॉर्डर उघडत व्हती. या दोन दिवसांत तिच्या दुकानात काम वाढलं व्हतं. लक्ष्मीपूजनाला माझं भाषण ऐकलेल्या माणसांनी घरातनं शोधून शोधून बिघडलेल्या वस्तू आणल्या व्हत्या. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. फळीवर जागा न्हवती, अन् तिच्या पुढं चार माणसं नंबर लावून उभी.

गौरीशंकर आला. हातात कापडी पिशवी, खाली जड लोंबणारी. म्या म्हणलं, आणलं ह्यानं कुलूप.

तो सरळ दुकानात शिरला असता, त्याचीच जागा. पण शिरला न्हाय. चार माणसांच्या मागं पाचवा उभा राहिला. नंबर यायला पंधरा-वीस मिंटं गेली, तेवढा वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग पिशवी फळीवर ठेवली अन् आतनं बायकोचा बंद पडलेला मिक्सर काढला.

शिवप्रियानं मिक्सर फिरवून बघितला. काकाकडं बघितलं न्हाय. जसं दुसऱ्या कुणाला सांगते तसं सांगितलं, "मोटार जळलीय. तुळशीच्या लग्नाला या, आधीचे नंबर हायत." अन् चिठ्ठी पुढं ओढली, पेन उघडलं. "काय नाव लिहू?"

गौरीशंकरनं घसा साफ केला.

"शिवप्रियाचा काका," तो म्हणला. "असंच लिही."